मास्तरांच्या जिभेचं कॅलिब्रेशन

मी धातूची काच बनवते. हे वाक्य मी घरी एकदाच बोलले, तेव्हा भावाने विचारलं, म्हणजे आरसे का? त्यानंतर मी एक सोपं उत्तर तयार ठेवलं: पाण्यातला रंग घालवते. ते सगळ्यांना पटलं, लगेच कळलं, आणि तेच माझ्या अंगाशी आलं.

खरं उत्तर थोडं लांब आहे. लोखंड, थोडं सिलिकॉन, थोडं बोरॉन एकत्र वितळवायचं आणि त्याची बारीक धार गरागरा फिरणाऱ्या तांब्याच्या थंड चाकावर सोडायची. धातू सावकाश थंड झाला की त्याचे अणू शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे रांगा लावतात. इथे त्यांना रांग लावायला वेळच मिळत नाही. जो जिथे असेल, जसा असेल, तसा गोठतो. चाकावरून केसाच्या निम्म्या जाडीची चकचकीत फीत उडते. तिच्यातून आरपार दिसत नाही, पण आतून ती काचेसारखीच बेशिस्त असते, आणि बेशिस्त अणू कामाला चांगले असतात. हे मी आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं, तेव्हा त्यांनी ते फक्त अणूंपुरतं मान्य केलं.

रंगीत पाणी आंबट करायचं, त्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं आणि ही फीत सोडायची. फितीतलं लोखंड पेरॉक्साइड फोडतं, आणि ते फुटलेले तुकडे समोर येईल त्या रंगाच्या रेणूचा फडशा पाडतात. दोनशे मिलिलिटरच्या बीकरमध्ये हे काम पंधरा मिनिटांत होतं. मी ते चारशे बारा वेळा केलेलं आहे.

आत्याला चारशे बारामध्ये रस नव्हता. तिने फोनवर एवढंच विचारलं, "तू पाण्यातला रंग घालवतेस ना?"

"हो."

"मग ये. माझ्याकडे चार हजार लिटर आहे."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचा कापड रंगवण्याचा कारखाना आहे. तो तिने एकटीने उभा केला आणि अडतीस वर्षं चालवला. लग्नाचं कुणी विचारलंच तर ती म्हणे, एका वेळी एकच डोकेदुखी पुरते. आता तिच्या हातात प्रदूषण खात्याची नोटीस होती. कारखान्यातून नाल्यात जाणारं पाणी लाल आहे, ते चौदा दिवसांत बिनरंगाचं झालं पाहिजे, चौदाव्या दिवशी निरीक्षक येऊन नमुना घेतील आणि रंग दिसला तर फाटकाला सील लावतील. एकदा सील लागलं की निघायला वर्षं जातात. आत्या अडुसष्टची होती. पुन्हा सुरू करायची ताकद आपल्यात उरणार नाही, हे ती बोलली नाही; ती म्हणाली, "सील लागलं तर मी तुझ्या घरी येऊन राहीन. रोज." माझं घर दोन खोल्यांचं आहे.

मी रजा टाकली. सहा वर्षांच्या प्रयोगांतून उरलेल्या फिती डब्यांतून गोळा केल्या, त्या दोन किलो भरल्या. पीएच मीटर घेतला. पाणी किती आंबट आहे हे पीएचच्या आकड्याने कळतं: सात म्हणजे साधं पाणी, आकडा जितका खाली तितकं आंबट. माझ्या फितीला तीन लागतो. आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्याही कपाटात होत्या, पण त्या मी घेतल्या नाहीत. मीटर हाताशी असताना पट्ट्या वापरणं आमच्याकडे जरा कमीपणाचं समजतात.

मी पोहोचले तेव्हा नऊ दिवस उरले होते. आत्याने नाल्याकडे जाणारी तोटी बंद केली होती, त्यामुळे आवारातली सिमेंटची टाकी काठापर्यंत भरली होती आणि रंगाचं काम थांबलं होतं. कारखान्यातली नऊ माणसं एकदा घड्या घातलेलं कापड उलगडून पुन्हा घड्या घालत बसली होती. टाकीतलं पाणी असं लाल होतं की त्यात डोकावलं की स्वतःचाच चेहरा अपघातात सापडल्यासारखा दिसायचा.

टाकीजवळ रंगमास्तर उभे होते. कोणत्या कापडाला किती रंग, किती मीठ, किती सोडा हे सगळं तेच ठरवायचे. वय साठीच्या पुढे, नखं निळी, कान कायम थोडे हिरवे. त्यांनी टाकीत बोट बुडवलं, बोट जिभेला लावलं, पिचकन थुंकले आणि म्हणाले, "सोडा फार झालाय."

"मास्तर, हे पाणी तोंडात घालू नका."

"घातलं कुठे? विचारलं फक्त."

"यात काय काय आहे ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"मीच घातलंय की सगळं."

आत्या ऑफिसच्या दारातून म्हणाली, "चाळीस वर्षं चाटतोय तो. मेला नाही. मेला असता तर मी केव्हाच दुसरा मास्तर ठेवला असता, जरा कमी बोलणारा."

मी मीटर काढला. साडेअकरा. मास्तर बरोबर होते, पण सोडा घालणाऱ्याला सोडा जास्त आहे हे ठाऊक असण्यात काही विशेष नाही, असं मी मनाशी म्हटलं.

त्या दिवसापासून मी आम्ल घालत गेले. कारखान्यात आम्लाचे कॅन होतेच. रंगवल्यावर कापडातला सोडा मारायला ते लागतं. पेरॉक्साइडही होतं, कापड पांढरं करायला. माझ्या बाजूने सगळं इतकं जुळून आलं होतं की मला संशय यायला हवा होता. मीटरचा आकडा हळूहळू खाली आला आणि ३.१ वर थांबला. मी फिती नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरून टाकीत सोडल्या, पेरॉक्साइड ओतलं, घड्याळ लावलं.

पंधरा मिनिटांनी पाणी लाल होतं. तासाभराने लाल होतं. संध्याकाळी ते लाल होतं, आणि नऊ माणसं टाकीभोवती उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती, जशी नातेवाईक मंडळी दवाखान्याच्या खोलीबाहेर डॉक्टरकडे बघतात.

"बारीकसा फरक आहे," आत्या म्हणाली. "सकाळी लाल होतं. आता लाल आणि ओलं आहे."

दुसऱ्या दिवशी पेरॉक्साइड वाढवलं. तिसऱ्या दिवशी फिती काढून पुसून पुन्हा सोडल्या. चौथ्या दिवशी फितीच खराब झाल्या असतील म्हणून एक पिशवी बीकरमध्ये तपासली. नळाच्या पाण्यात लाल रंग घातला, माझ्या पद्धतीने वजन करून आम्ल घातलं. बारा मिनिटांत रंग गेला. फिती उत्तम होत्या. पाण्यातच काहीतरी होतं. मीठ असेल, कापडाची खळ असेल, असं काहीतरी जे माझ्या बीकरमध्ये कधीच नसतं. मी वहीत कारणांची यादी केली. ती सव्वा पान झाली.

मास्तर रोज बोट बुडवायचे, थुंकायचे आणि एकच वाक्य म्हणायचे: "आंबट कमी आहे."

"तीन पूर्णांक एक आहे, मास्तर."

"असेल. पण आंबट कमी आहे."

"मीटर खोटं बोलत नाही."

"मी कुठे म्हटलं खोटं बोलतो? झोपला असेल."

सातव्या दिवशी मी चिडले. मी चिडले की माझा आवाज आणखी खाली जातो, त्यामुळे कुणाला कळत नाही. आत्याला कळतं. ती म्हणाली, "भांडायचं असेल तर नीट भांडा. तो म्हणतो कमी, तू म्हणतेस पुरे. दोघांतलं एक कुणीतरी चुकतंय, आणि माझ्याकडे दोन दिवस आहेत."

म्हणून मी मास्तरांच्या जिभेची परीक्षा घ्यायचं ठरवलं. उद्देश स्वच्छ होता: ती चुकते हे सिद्ध करून विषय संपवायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी, मी आत्याच्या ऑफिसात दार लावून दहा स्टीलचे ग्लास मांडले. कारखान्यातलं आम्ल कुणाच्या तोंडात घालणं मला मान्य नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातलं लिंबूसत्त्व घेतलं आणि प्यायच्या पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात विरघळवलं. वजन ठाऊक असलं की पीएच गणिताने काढता येतो; मीटर लागत नाही. एका ग्लासात नुसतं पाणी ठेवलं. दोन ग्लासांत मुद्दाम एकच मिश्रण भरलं, कारण परीक्षा घ्यायची तर नीट घ्यावी. ग्लासांच्या तळाला आकडे चिकटवले, ग्लास इकडचे तिकडे केले आणि मास्तरांना बोलावलं.

"हे सगळे आंबटपणाच्या क्रमाने लावा. कमी आंबट डावीकडे."

मास्तर खुर्चीवर टेकले. त्यांनी तोंड धुतलं, एक घोट साधं पाणी घेतलं आणि कामाला लागले. प्रत्येक ग्लासमधला एक थेंब जिभेच्या टोकावर, मग कडेला, मग खिडकीबाहेर. मधूनच एखादा ग्लास उचलून दुसऱ्या दोहोंच्या मध्ये घुसवत. आत्या दारात हाताची घडी घालून उभी होती.

"लहानपणी तुला औषध पाजायला एवढा वेळ लागायचा," ती मला म्हणाली.

सोळा मिनिटांनी मास्तरांनी हात पुसले. दोन ग्लास त्यांनी रांगेत एकमेकांना अगदी चिकटवून ठेवले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे दोन एका भांड्यातले आहेत. मला फसवता होय, डॉक्टरीणबाई?"

मी ग्लास उलटे करून आकडे वाचले. शेजारशेजारच्या दोन ग्लासांची अदलाबदल झाली होती. बाकी सगळे जागेवर होते. चिकटवलेले दोन एका भांड्यातलेच होते.

मी आकडे वहीत उतरवले. मग आलेख काढला. आडव्या अक्षावर गणिताने काढलेला पीएच, उभ्या अक्षावर मास्तरांनी दिलेला क्रम. रेषा बऱ्यापैकी सरळ आली. माझ्या प्रयोगशाळेतल्या दोन उपकरणांपेक्षा सरळ.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या जिभेचं कॅलिब्रेशन. उपकरण किती बरोबर मोजतं, ते तपासून पाहणं."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं."

"मग लिहून द्या. हिला दाखवतो," ते आत्याकडे हनुवटी करून म्हणाले.

"हिने पाहिलं," आत्या म्हणाली. "आता टाकीचं पाणी चाखा आणि त्या रांगेत कुठे बसतं ते सांगा. मग मिरवा."

मास्तर टाकीकडे गेले, बोट बुडवलं, परत आले आणि डावीकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्लासच्या मधली जागा दाखवली. तिथला पीएच साडेपाचच्या आसपास. लिंबूसत्त्वाचा आंबटपणा आणि कारखान्यातल्या आम्लाचा आंबटपणा जिभेला वेगळा लागतो, हे मला ठाऊक होतं. त्यासाठी मी मास्तरांना एका आकड्याची सूट दिली. तरीही ३.१ येत नव्हता. दोन आकड्यांची सूट दिली तरी येत नव्हता.

मग मी मीटर त्याच ग्लासांत बुडवला. सर्वांत आंबट ग्लासात त्याने आधी ४.९ दाखवलं. मग ४.८. मग बराच वेळ काही नाही. मी घड्याळ लावून बसले. नळाच्या पाण्याच्या ग्लासात टाकला तेव्हा तो अकरा मिनिटं हळूहळू वर चढत राहिला, गुडघे दुखणाऱ्या माणसाने जिना चढावा तसा. टाकीत तो ३.१ वर का थांबला होता, याचं उत्तर म्हणजे तो कुठेतरी थांबणारच होता.

मीटरच्या टोकाला काचेचा एक फुगा असतो. तो कोरडा पडू नये म्हणून मिठाच्या ठरावीक पाण्यात ठेवायचा असतो. ती बाटली मी प्रयोगशाळेत विसरले होते. प्रवासात आणि नंतर रोज रात्री मी तो फुगा डिस्टिल्ड पाण्यात ठेवला, कारण डिस्टिल्ड पाणी म्हणजे सर्वांत शुद्ध पाणी, आणि शुद्ध असलं की चालतं, ही आमच्या धंद्यातली श्रद्धा आहे. आम्ही देवाला मानत नाही, डिस्टिल्ड पाण्याला मानतो. ते फुग्यातलं मीठ शोषून घेतं आणि मीटर बधिर होतो, वाटेल तो आकडा दाखवतो. हे मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी ते दरवर्षी सांगते. एकदा एका मुलीला त्यावरून वर्गात उभं केलं होतं.

हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं. मुलीसकट.

मास्तर म्हणाले, "म्हणजे झोपलाच होता."

"स्वच्छतेने कुणाचं भलं झालंय," आत्या म्हणाली. "आम्ल किती लागेल?"

आम्ल बरंच लागणार होतं. सोडा आम्ल खात जातो. तो पूर्ण संपेपर्यंत पाणी आंबट होतच नाही. चार कॅन हवे होते, आत्याकडे एक होता. तिने फोन लावला आणि समोरच्याला त्याच्या वडिलांपासून सुरुवात करून ऐकवलं. कॅन सकाळी आठला येतील असं ठरलं. निरीक्षक दुपारी येणार होते.

सकाळी साडेआठला आम्ही सुरुवात केली. एकजण आम्ल ओतत होता, एकजण लांब लाकडी वल्ह्याने पाणी ढवळत होता, मास्तर दर पाच मिनिटांनी बोट बुडवत होते. मी मीटर पिशवीतच ठेवला. सव्वानऊला मास्तर थुंकले आणि म्हणाले, "शेवटून दुसरा ग्लास."

"नक्की?"

"तुम्हीच लिहून दिलंय की."

मी पेरॉक्साइड ओतलं आणि फितींच्या पिशव्या सोडल्या. पाच मिनिटांत पिशव्यांभोवतीचं पाणी फिकट दिसू लागलं. मला वाटलं मला तसं दिसावं असं वाटतंय म्हणून दिसतंय, म्हणून मी बाटलीत नमुना घेऊन खिडकीसमोर धरला. खरंच फिकट होतं. वीस मिनिटांनी टाकी गुलाबी झाली. मग पिवळसर. दहाला टाकीच्या तळाशी पडलेली एक चप्पल दिसायला लागली.

"ती माझी आहे," घड्या घालणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला. "दोन वर्षं शोधतोय."

आत्या टाकीच्या काठावर वाकली होती. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, चुकून पडल्यासारखा.

पण आंबट पाणी नाल्यात सोडता येत नाही. आम्ही फिती वर काढल्या आणि पाणी पुन्हा साधं करायला सोडा घातला. दोन पिंप ओतल्यावर टाकी, माझ्या डोळ्यांदेखत, जुन्या गंजलेल्या पत्र्यासारखी तपकिरी झाली.

हे व्हायचंच होतं. फितीतलं थोडं लोखंड पाण्यात उतरतं, सोडा घातला की त्याचा गंज होतो. प्रयोगशाळेत आम्ही बोटाएवढ्या गाळणीतून दहा मिलिलिटर पाणी दाबून काढतो आणि पुढे जातो. ती पायरी मी कधी पायरी म्हणून धरलीच नव्हती. चार हजार लिटरला बोटाएवढी गाळणी लावली तर सुमारे सहा महिने लागले असते.

निरीक्षक दुपारी यायचे होते, ते पावणेअकराला आले. मधल्या वयाचे, हातात बाटल्यांची लाकडी पेटी, बुटांवर कुठल्याशा दुसऱ्या कारखान्याचा निळा डाग. त्यांनी टाकी पाहिली.

"नोटिशीत लाल लिहिलंय," ते म्हणाले. "हे काय आहे?"

आत्या पुढे झाली. "आधी बसा तरी. केवढं ऊन आहे. आमच्याकडचं हजेरीचं रजिस्टर बघायचंय ना तुम्हाला? आणि आगीच्या बादल्यांचं? ते अगदी नीट ठेवलंय..."

"मला बाटली भरायची आहे, बाई."

"भरा की. पण आज वार कोणता, ते आधी बघायला नको?"

निरीक्षकांनी पेटी उघडली. मला माहीत होतं की आता मी काहीही बोलले तर ते आत्याच्या रजिस्टरापेक्षा वाईट ऐकू येईल. तरी मी म्हटलं, "तो रंग नाही. गंज आहे. खाली बसेल."

"सगळेच म्हणतात खाली बसेल."

"किती वेळात बसेल ते मी सांगू शकते. तुम्ही मोजू शकता."

मी बॅगेतून काचेचं उभं मोजपात्र काढलं, टाकीतल्या पाण्याने भरलं आणि त्यांच्यासमोर आगीची एक बादली उलटी करून तिच्यावर ठेवलं. तपकिरी पाणी हललं, स्थिर झालं, आणि मिनिटाभराने वरच्या काठापाशी एक बारीकशी स्वच्छ पट्टी दिसू लागली. गढूळ थर खाली सरकत होता. निरीक्षकांनी थोडा वेळ नुसतं पाहिलं. मग खिशातून पेन काढलं, काचेवर रेघ मारली आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

तीन मिनिटांनी दुसरी रेघ मारली.

"दर मिनिटाला एक सेंटिमीटर," ते म्हणाले.

"आधी वेगात बसतो. खाली दाटी झाली की मंदावतो."

"माहीत आहे मला. रसायनशास्त्र होतं माझं." ते उकिडवे बसले. "नोकरी लागल्यापासून बाटल्या भरतोय. काय चाललंय ते दाखवत कुणी नाही. सगळे बसायला सांगतात, वार विचारतात."

आत्या गप्प राहिली. मला ते इतकं अनोळखी वाटलं की मी मागे वळून पाहिलं, ती उभी आहे की नाही.

"टाकी किती खोल?" त्यांनी विचारलं.

"दीड मीटर."

"म्हणजे..." त्यांनी काचेवरच्या रेघांशेजारी आकडे लिहिले. मी एक चूक दाखवली. त्यांनी दुरुस्त केली आणि माझी एक दाखवली. "साडेतीन तास धरा. अर्धी टाकी तरी स्वच्छ पाहिजे. मला अजून तीन ठिकाणी जायचंय."

"जाऊन या," मी म्हटलं.

"आणि तेवढ्यात तुम्ही नळाचं पाणी भरून ठेवलंत तर?"

"तर मग ही," मी आत्याकडे पाहिलं, "माझ्या घरी येऊन राहील."

त्यांना ते कळलं नाही. पण ते गेले नाहीत. त्यांनी फोन करून तीन ठिकाणं उद्यावर ढकलली, आगीची दुसरी बादली उलटी करून तिच्यावर बसले आणि विचारलं, "रंग नक्की गेला कशाने?"

मी बोलत नाही. शिकवण्याव्यतिरिक्त मी एका दमात चार वाक्यं बोलले तर घरचे ताप आहे का बघतात. त्या दिवशी मी तीन तास बोलले. फिरतं चाक, गोठलेली धार, रांग न लावलेले अणू, फुटलेलं पेरॉक्साइड. निरीक्षक मधूनमधून रेघ मारत होते. मास्तर शेजारी उभे राहून माझ्या वाक्यांना आपल्या पुरवण्या जोडत होते. मीटरची गोष्ट त्यांनीच सांगितली, माझ्यापेक्षा जास्त रंगवून. त्यांच्या सांगण्यात मीटर घोरतही होता.

दोनच्या सुमाराला टाकीत वरचा थर काचेसारखा झाला. तळाची तोटी उघडली असती तर गंजच बाहेर आला असता, म्हणून मास्तरांनी रबरी नळी वरून सोडली, दुसरं टोक तोंडात धरून पाणी ओढलं आणि निरीक्षकांच्या बाटलीवर धरलं.

"तोंडाने?" निरीक्षक म्हणाले.

"किंचित लोखंड लागतंय," मास्तर म्हणाले. "बाकी काही नाही. लिहून घ्या."

निरीक्षकांनी स्वतःची कागदी पट्टी बुडवली. सात. बाटली पांढऱ्या फरशीसमोर धरली, शेजारी साध्या पाण्याची बाटली धरली, आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. नऊ माणसंही आळीपाळीने बघत होती, माना एकदम वळत होत्या.

"रंग नाही," ते म्हणाले.

"रंग गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही," मी म्हटलं. "रंगाचे तुकडे उरतात. तेही तपासायला हवेत." आत्याने माझ्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

"दुसरी बाटली त्यासाठीच भरली," निरीक्षक म्हणाले. "ती खात्याच्या प्रयोगशाळेत जाईल. आजची नोटीस रंगाची होती. ती मिटली."

त्यांनी पेटीवर कागद ठेवून लिहायला घेतलं. कुणी ओरडलं नाही. घड्या घालणारी माणसं हळूच आत गेली आणि थोड्या वेळाने आतून भट्टीचा आवाज यायला लागला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

निरीक्षकांनी एक कागद फाडून आत्याला दिला, मग दुसरा.

"हा कसला?" आत्याने विचारलं.

"नवी नोटीस. तळाशी जो गंज बसलाय तो कुठे टाकणार, ते लेखी कळवायचं. नाल्यात टाकता येणार नाही."

"आत्ता एक मिटली ना?"

"कारखाना चालू असेल तरच नोटीस देता येते, बाई," ते पेटीची कडी लावत म्हणाले. "बंद कारखान्याला मी काय लिहिणार?"

ते गेल्यावर आत्याने तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मास्तरांना हाक मारली. "वरचं पाणी सोडा. आणि लालच लावा आधी, ती ऑर्डर राहिलीय." मग ती माझ्याकडे वळली.

"तीस दिवस दिलेत," ती म्हणाली. "तुझी रजा किती उरलीय?"